पंचाहत्तर दिवस

सातारा रस्त्यावरच्या शोरूममध्ये
काचेपलीकडे एप्रिल, अलीकडे आम्ही,
हातात कागदी कपातली फुकटची कॉफी.
शिरीषने माहितीपत्रक उलटं करून
मागच्या कोऱ्या जागेत भागाकार मांडलाय.
वरचं मॉडेल वजा खालचं मॉडेल
शहाऐंशी हजार.
त्यात सनरूफ आहे, ते नकोच.
आकाश आपल्या गच्चीवर फुकट आहे.
उरल्या वारा येणाऱ्या सीटा.

"पुण्यात उकाडा किती? पंधरा मार्च ते मेअखेर.
अठ्ठ्याहत्तर. अवकाळीचे तीन वजा.
पंचाहत्तर गुणिले दहा वर्षं.
दिवसाला एकशे चौदा रुपये सदुसष्ट पैसे,
पाठीला वारा घालायला!
एवढ्यात दोघांना दोन-दोन ग्लास उसाचा रस होतो.
बिनबर्फाचा."

पासलकर आडनावाची मुलगी हसते.
तिला रोज असा एक भागाकार भेटत असणार.
"मॅडम, तुम्ही बसून तर बघा."

सव्वीस वर्षं मी बसलेच आहे
दुपारच्या स्कूटरवर, काळ्या रेक्झिनवर,
बँकेबाहेरची सावली सरकून गेल्यावर.
बाटलीतलं पाणी शिंपडा, रुमाल घाला,
भाजायचं ते भाजायचंच.
स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे.
नळ स्टॉपच्या सिग्नलला आम्ही बायका
एकमेकींना नुसत्या डोळ्यांवरून ओळखायचो.
तो उकाडा बाहेरचा होता. त्याला तारखा होत्या.

आताचा आतून येतो,
कॅलेंडर न बघता.
गेल्या डिसेंबरात, पाषाणला सात अंश असताना,
पहाटे तीनला उठून मी पंखा पाचवर केला.
आधी मान, मग छाती, मग पाठीची पन्हळ
वाहायला लागते,
आणि पाच मिनिटांनी त्याच घामाची हुडहुडी.
भाचीच्या लग्नात, पैठणीच्या आत.
भाजीवाल्यासमोर सुट्टे मोजताना.
डॉक्टर म्हणाल्या, होतं असं,
जाईल दोन-चार वर्षांत.
दोन की चार, ते कुणी मांडून दाखवलं नाही.

मुलीने बटण दाबलं. तीन निळे ठिपके.
आधी काहीच नाही.
मग सीटच्या पोटात बारीक घरघर,
आणि कुडत्याच्या मागे, जिथे माझा हात पोचत नाही
तिथे, बशीतल्या चहावर
कुणी फुंकर घालावी तसं काहीतरी.
"थंड नाही होत हं," ती हळूच म्हणाली,
"फक्त घाम साठत नाही.
माझी आई म्हणते, तेवढंच पुष्कळ."

तिच्या आईकडे ही गाडी नसणार.
साहेब जेवायला गेल्यावर
आत आणून बसवली असेल लेकीने,
मिनिटभर, तीन ठिपक्यांवर.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

शिरीष खिडकीशी वाकला.
"काय, आहे का काही अर्थ?"
मी पेन मागितलं. पंचाहत्तर खोडून
तीनशे पासष्ट लिहिले.
"पावसाळ्यात कोण लावतं? आणि थंडीत..."
म्हणता म्हणता थांबला.

दोन हिवाळे हा माणूस
दोन रजया आणि कानटोपी घालून
चालू पंख्याखाली झोपतोय.
एकदाही म्हणाला नाही, बंद कर.
मला वाटायचं, झोप गाढ आहे.

कागदाला हात न लावता तो पुटपुटला,
"तेवीस रुपये. वर काही पैसे.
एक ग्लास." मग जरा थांबून,
"बर्फ घालून."
आणि सरळ उभा राहत, नेहमीच्या आवाजात, मुलीला:
"एकाच सीटला मिळेल का हे? ड्रायव्हरच्या?
गाडी हीच चालवते. मला साधी चालेल.
किंमत तेवढी निम्मी लावा."

ती विचारायला आत गेली.
मी अजून उठले नव्हते.